उजनीत बुडालेल्या गावाचा इतिहास नेटवर कुठे शोधावा?

भीमाकाठ

नमस्कार मंडळी. माझं मूळ गाव इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या अगदी काठावरचं. १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. आज त्या नावाचं जे गाव आहे ते वर माळावर नव्याने वसवलेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, पेपरात फोटो येतात, लोक होड्या करून बघायला जातात. त्या देवळाबद्दल वाचायला मिळतं. पण आजूबाजूच्या ज्या गावांत नाव घेण्याजोगं देऊळ नव्हतं, त्यांच्याबद्दल काही म्हणता काही सापडत नाही. घरं किती होती, बाजार कुठल्या वारी भरायचा, पाटीलकी कुणाकडे होती, पंढरीची वाट गावातून कशी जायची, यातलं काहीच एका जागी लिहिलेलं नाही.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. ती सांगते तसतसा मी कागदावर गावठाणाचा आराखडा काढतोय. तिची आठवण चांगली आहे, तरी त्याला कागदाचा आधार मिळाला तर हवा आहे. मी नोकरीसाठी बंगळुरात असतो, त्यामुळे उठून पुण्याला जाऊन दप्तरं चाळणं जमत नाही. हाताशी आजोबांच्या नावचा जुना सातबारा आणि मोडीतला एक फाटका कागद आहे, एवढंच.

घरबसल्या बघता येतील अशी साधनं सुचवा. नुसती नावं नकोत. कशात काय मिळतं आणि ते हुडकायचं कसं, हेही लिहा. दुसऱ्या भागातल्या लोकांनी आपापल्या भागाचं लिहिलं तर धागा सगळ्यांच्याच कामाला येईल.

जुनी_पानं

चांगला धागा. सुरुवात गॅझेटिअरपासून करा. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये पुणे जिल्ह्याचा खंड अठरावा, १८८५ चा, तीन भागांत आहे. तिसऱ्या भागात ठिकाणांची माहिती आद्याक्षरांच्या क्रमाने दिली आहे. इंदापूरची नोंद वाचाच, पण तिथे थांबू नका. तुमचं गाव लहान असेल तर त्याचं नाव 'ठिकाणे' या प्रकरणात नसेलही, आणि तेच नाव रस्ते, नद्यांवरचे उतार, आठवडी बाजार किंवा जत्रा यांच्या वर्णनात एखाद्या ओळीत सापडेल. म्हणून तिन्ही भाग धुंडाळायचे.

इंटरनेट आर्काइव्हवर हे सगळे खंड फुकट आहेत. तिथे 'फुल टेक्स्ट' नावाची फाइल असते, ती उतरवून घेऊन तिच्यात शोधायचं. यात एक मेख आहे. कॅम्पबेलच्या खंडांत दीर्घ 'आ' दाखवायला रोमन 'ए'वर तिरकी रेघ दिलेली आहे. स्कॅनवरून मजकूर वाचणाऱ्या यंत्राला ती रेघ कळत नाही आणि ते बऱ्याचदा तिथे 'डी' छापतं. त्यामुळे नासिक शोधायचं तर 'एन-डी-एस-आय-के', सातारा शोधायचं तर 'एस-डी-टी-डी-आर-ए' असंही टाकून बघावं लागतं. गावाच्या नावात 'आ' असेल तर सगळ्या शक्यता टाकून बघा. शिवाय 'व'साठी तिथे 'डब्ल्यू'ऐवजी बहुधा 'व्ही' असतो.

स्वातंत्र्यानंतर राज्याच्या दर्शनिका विभागाने जिल्हावार नवी गॅझेटिअर काढली. पुणे जिल्ह्याची सुधारित आवृत्ती १९५४ ची, म्हणजे धरणाच्या आधीची. ती विभागाच्या संकेतस्थळावर आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. कॅम्पबेलचे खंड सरकारी अधिकाऱ्यांनी पाठवलेल्या माहितीवर उभे आहेत. शेती, पिकं, बाजार, घाट, पूल यांसाठी ते भरवशाचे, पण दंतकथा आणि जातींविषयीची मतं जशी ऐकली तशी उतरवलेली आहेत. ती पुरावा म्हणून वापरू नका.

सर्व्हे_नंबर

भीमाकाठ, तुम्ही इंदापूरचे, म्हणजे जमिनीच्या इतिहासाच्या बाबतीत तुमच्याइतकं नशीबवान कुणी नाही. रयतवारी, म्हणजे कसणाऱ्याकडून थेट सारा घेण्याची, मोजणीची मुंबई पद्धत ज्या तालुक्यात पहिल्यांदा लागू झाली तो इंदापूरच. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या शेवटी केलेली साऱ्याची आकारणी इतकी जड झाली की रानं पडीक पडली, लोक निजामाच्या मुलखात निघून गेले. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी केली. पुढे तीस वर्षांनी फेरआकारणी झाली. या सगळ्याचे अहवाल 'सिलेक्शन्स फ्रॉम द रेकॉर्ड्स ऑफ द बॉम्बे गव्हर्न्मेंट' या मालिकेत छापलेले आहेत आणि त्यातले पुष्कळ आर्काइव्ह आणि गूगल बुक्सवर मिळतात.

अहवालाची पहिली पानं इंग्रज अधिकाऱ्यांच्या आपसातल्या पत्रव्यवहाराची असतात, ती चाळून पुढे जा. खरा ऐवज शेवटच्या तक्त्यांत असतो. तालुक्यातली गावं एकाखाली एक, त्यांच्यासमोर जुना आकार, नवा आकार, लागवडीखालचं क्षेत्र, आणि तालुक्याचे म्हणून नांगर, गाड्या, बैल, विहिरी, माग यांचे आकडे. कुठलं गाव कुठल्या बाजाराला जोडलेलं होतं, माल कुठल्या रस्त्याने जायचा, तेही दर ठरवताना लिहिलेलं असतं. तुमचा बाजाराचा प्रश्न बहुतेक इथेच सुटेल.

त्याच्या जोडीला दख्खन दंग्यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या आणि लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. त्याच्या परिशिष्टांत कर्जाची खतं, शेतकऱ्यांच्या आणि सावकारांच्या जबान्या आहेत. भीमाथडीतल्या माणसांनी स्वतः सांगितलेली आपली हकिकत दुसऱ्या कुठल्या छापील साधनात इतकी मिळत नाही. अधिकाऱ्यांच्या चाळणीतून आली असली तरी वाचाच.

आता सातबाराबद्दल. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर आजचे उतारे मिळतात, त्यांचा तुम्हाला उपयोग कमी. 'आपले अभिलेख'वर जुने सातबारे, फेरफार, खाते उतारे स्कॅन करून ठेवलेले आहेत. जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर टाकून शोधायचं. आजोबांच्या सातबाऱ्यावर उजवीकडे वर्तुळात फेरफाराचे क्रमांक असतील, त्या क्रमांकांनी मागे मागे जात राहा. जमीन वडिलोपार्जित आली, खरेदी झाली, वाटप झालं की कुळकायद्याने नावावर लागली, हे फेरफारात दोन ओळींत लिहिलेलं असतं. टिपण, गुणाकार बुक, फाळणी, आकारबंद ही मोजणीची मूळ कागदपत्रं भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात असतात. ती सगळी नेटवर नाहीत, पण नक्कल मागता येते.

बोरमाळ

वाचनखूण साठवली. सर्व्हे_नंबर दादा, जुना सातबारा असा वाचायचा असतो हे कुणी आजवर सांगितलं नव्हतं.

वऱ्हाडपांढरी

हे सगळं मुंबई इलाख्याचं झालं. आमच्या वऱ्हाडाचं, नागपूरकडचं काय? आणि मराठवाड्याचं? इतिहासाच्या चर्चेत आम्हाला दर वेळी शेवटच्या परिच्छेदात जागा मिळते. इथे तरी कुणी सविस्तर लिहा.

नकाशावाला

वऱ्हाडपांढरींना उत्तर देणारे येतीलच. मी नकाशांचं लिहितो, ते सगळ्या भागांना लागू आहे.

बुडालेल्या गावासाठी मला सगळ्यात मोलाची वाटतात ती कोरोना उपग्रहाची छायाचित्रं. अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात हेरगिरीसाठी काढलेली ही छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या 'अर्थएक्सप्लोरर' या संकेतस्थळावर खातं उघडायचं, नकाशावर आपला भाग चौकटीत धरायचा आणि 'डिक्लासिफाइड' या विभागात शोधायचं. आधी कुणी मागवून स्कॅन झालेली फिल्म फुकट उतरवता येते, बाकीचीला पैसे पडतात. सगळ्या भागांचं स्वच्छ चित्र मिळेलच असं नाही, ढग आड येतात. पण चांगली फिल्म लागली तर नदीचं जुनं पात्र, बांध, गाडीवाटा आणि गावठाणाचा घट्ट पुंजका डोळ्यांनी दिसतो. पावसाळ्यातली सोडा, जानेवारी ते मे मधली बघा. आईंनी सांगितलेला आराखडा त्यावर ठेवून बघण्यासारखं दुसरं काही नाही.

त्याच संकेतस्थळावर लँडसॅटची चित्रंही आहेत. पहिला लँडसॅट जुलै १९७२ मध्ये गेला. त्याचा एक ठिपका साधारण ८० मीटरचा, त्यामुळे घरं दिसणार नाहीत. धरण भरण्याआधीची आणि नंतरची भीमा मात्र एकाखाली एक लावून बघता येते आणि कुठली शिवारं गेली ते कळतं.

कागदी नकाशांत टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने यू-५०२ मालिका नेटवर ठेवली आहे. अमेरिकी लष्कराने पन्नाशीच्या दशकात भारताचे काढलेले हे नकाशे, एकास अडीच लाख प्रमाणाचे. लहान लहान गावांची नावं त्यांत आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे शोधायचे असतील तर पत्रकाचा क्रमांक माहीत हवा. पुणे ४७ एफ, भिगवण ४७ जे आणि इंदापूर ४७ एन. या विभागाच्या नकाशांच्या पोर्टलवर आजची पत्रकं मिळतात, ती मूळ आधार म्हणून घ्या आणि जुनं चित्र गूगल अर्थवर 'इमेज ओव्हरले'ने त्यावर बसवा. बसवताना न हललेल्या खुणा धरायच्या: टेकडीचं टोक, रेल्वेचा पूल, दोन ओढ्यांचा संगम. रस्ते धरू नका, ते सरकतात.

मोडीवाचक

भीमाकाठ, त्या मोडी कागदाचा फोटो टाका ना. वरच्या दोन ओळी आणि शेवटची ओळ एवढंच दिलंत तरी कुठल्या काळातला आहे ते सांगता येईल.

भीमाकाठ

मोडीवाचक ताई, फोटो टाकतोय. ओळखीच्या एका काकांनी वरची ओळ थोडी लावून दिली होती. 'सन सीत सबैन मया व अलफ' असं काहीसं आहे, आणि खाली 'छ ११ रमजान'.

मोडीवाचक

मग निम्मं काम झालंय. ही कालगणना सुहूर सनाची, म्हणजे पेशवाईच्या कागदांत नेहमी येणारी. आकडे अरबी शब्दांत लिहायचे आणि एकंपासून सुरू करायचे. सीत म्हणजे सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११७६. हा सन मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो, म्हणून त्यात ५९९ मिळवले की ज्या इसवी सनात तो सुरू झाला ते वर्ष येतं. ११७६ म्हणजे जून १७७५ ते मे-जून १७७६. 'छ' म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. त्या वर्षी रमजान ऑक्टोबरच्या शेवटी लागला होता, म्हणजे तुमचा कागद नोव्हेंबर १७७५ च्या पहिल्या आठवड्यातला. सवाई माधवराव पेशवे तेव्हा दीड वर्षांचे होते आणि पुरंदरचा तह अजून चार महिने पुढे होता. तिथी-तारखांचा पक्का मेळ घालायला स्वामीकन्नू पिल्ले यांचं 'इंडियन एफेमेरिस' आर्काइव्हवर आहे.

फोटोत 'मौजे', 'पा।' आणि 'मोकदम' हे शब्द मला स्पष्ट दिसतायत. मोकदम म्हणजे पाटील, तेव्हा तुमच्या पाटीलकीच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित याच कागदात आहे. मधल्या ओळींचा मोठा फोटो हवा. घडीच्या जागी कागद दाबू नका, चिकटपट्टी लावू नका. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, बाजूला मोजपट्टी ठेवून काढा.

जुने शब्द अडले तर शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही शोधता येतात. मोकासा, बाबती, कर्यात, फरोक्त असले शब्द आजच्या कोशांत मिळत नाहीत किंवा अर्धवट मिळतात. यादवकाळातलं काही असेल तर तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही तिथेच आहे.

छापील कागदपत्रांत राजवाड्यांची 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने', बावीस खंड, पहिला १८९८ चा. सरदेसायांनी काढलेले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड. पण गावासाठी मला सगळ्यात जास्त आवडतात त्या गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशा. त्यांत वतनाचे तंटे, पडीक जमिनीला दिलेले कौल, दुष्काळातली सूट, जकातीच्या तक्रारी असं गावपातळीवरचं भरपूर आहे. हे सगळं आर्काइव्हवर आहे, फक्त नावाने शोधून लवकर सापडत नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियातून आलेल्या पुस्तकांची मराठी नावं रोमनमध्ये वाटेल तशी लिहिलेली असतात. 'साधने'ची चार स्पेलिंगं करून बघा, नाहीतर संपादकाचं आडनाव टाका.

गोदातीर

वऱ्हाडपांढरी, तुमचा मुद्दा रास्त आहे. मी मराठवाड्याचं लिहितो, विदर्भाचं जेवढं माहीत आहे तेवढं जोडतो.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे कॅम्पबेलसारखी जिल्हावार खंडांची मालिका आमच्या वाट्याला आली नाही. १९०९ चा इम्पीरिअल गॅझेटिअरचा हैदराबाद संस्थानाचा भाग आहे, जिल्ह्यामागे थोडकी पानं. त्याआधीचा बिलग्रामी आणि विल्मट यांचा निजामाच्या मुलखावरचा ग्रंथ आहे. देवळं, लेणी, शिलालेख यांच्यासाठी संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे वार्षिक अहवाल बघा. खातं १९१४ मध्ये सुरू झालं, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख होते. अहवालांत फोटो आहेत, आणि त्यातल्या काही देवळांचे भाग आज जागेवर नाहीत. हे अहवाल आर्काइव्हवर सापडतात.

जमिनीसाठी आमच्याकडे खासरा पाहणी पत्रक, १९५४-५५ चं. कुळ कोण, मालक कोण, विहीर आहे की नाही, सगळं त्यात येतं. निजामकाळातले सेतवार (जमिनीच्या नोंदी) आणि मुंतखब (इनामाचे दाखले) उर्दू-फारसीत आहेत, काही मोडीत. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधताना अनेक जिल्हा प्रशासनांनी जुनी दप्तरं स्कॅन करून आपल्या संकेतस्थळांवर ठेवली. कुणाची त्या प्रश्नावर भूमिका काहीही असो, इतिहासाच्या अभ्यासकांसाठी हा मोठाच साठा आहे. विशेषतः गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. गावातले जन्म आणि मृत्यू, तारीख, बापाचं नाव, मृत्यूचं कारण. प्लेगाची आणि पटकीची वर्षं त्यात पानापानावर दिसतात. एका गावातली दहा वर्षांची नोंदवही सलग वाचली की साथीने गावाचं काय केलं हे कळतं.

विदर्भात वऱ्हाड आणि नागपूर वेगळे धरा. वऱ्हाडात रयतवारी होती, लायल यांचं वऱ्हाडचं गॅझेटिअर १८७० चं. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा मध्य प्रांतात, तिथे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजारामार्फत. ग्रँट यांचं मध्य प्रांताचं गॅझेटिअरही १८७० चं, आणि १९०६ नंतर जिल्हावार खंड निघाले. मालगुजारी गावांचं निस्तार पत्रक मागा. सरपण कुठून घ्यायचं, गुरं कुठे चारायची, मढं कुठे पुरायचं, तळ्याच्या पाण्यावर हक्क कुणाचा, असा गावाचा रोजचा व्यवहार त्यात लिहिलेला असतो. ताम्रपट आणि शिलालेखांसाठी मिराशींचा वाकाटकांवरचा १९६३ चा खंड, 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकॅरम'मधला पाचवा.

वऱ्हाडपांढरी

गोदातीर, मनापासून आभार. निस्तार पत्रक आमच्या तलाठी कार्यालयात भिंतीवर लावलेलं होतं, त्याच्याकडे या नजरेने कधी बघितलं नाही. पुढच्या फेरीत पूर्ण उतरवून घेतो.

जात्यावर

सगळ्यांनी सरकारी कागद सांगितले. त्यांत पाटील आहे, सावकार आहे, बाई मात्र नाही. असलीच तर विधवा म्हणून, वारसाच्या नोंदीत. म्हणून मी ओव्यांचं सांगते.

गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाच्या वर ओव्या, हजाराच्या वर गावांमधल्या. तो संग्रह आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) च्या संकेतस्थळावर आहे, बऱ्याच ओव्यांचा आवाजही आहे. प्रत्येक ओवीला गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव जोडलेलं असतं. तुमच्या तालुक्याचं नाव टाकून बघा. ओवीत नदीचे उतार येतात, बाजारच्या वाटा येतात, कुठल्या गावाला लेक दिली ते येतं, पंढरीच्या वाटेवरचे मुक्काम येतात. सोयरिकीचा नकाशा काढायचा तर दुसरं साधन नाही.

आणि जत्रांसाठी १९६१ च्या जनगणनेचा 'फेअर्स अँड फेस्टिव्हल्स इन महाराष्ट्र' हा खंड. कुठल्या गावात कुठल्या देवाची जत्रा, कुठल्या महिन्यात, हे त्यात आहे. त्याच जनगणनेची जिल्हा पुस्तिकाही काढा. गावनिहाय क्षेत्रफळ, घरं, कुटुंबं, लोकसंख्या. १९६१ आणि १९७१ च्या पुस्तिका भीमाकाठ यांच्यासाठी सोन्यासारख्या आहेत, कारण त्या दोन्ही वेळी गाव जुन्याच जागी होतं. जनगणना कार्यालयाने जुन्या पुस्तिका स्कॅन करून नेटवर दिल्या आहेत.

भीमाकाठ, आईंना ओव्या येत असतील तर आधी त्या ध्वनिमुद्रित करा. कागद पुढच्या वर्षीही मिळतील.

शेजारगाव

एक शंका. आमच्या गावच्या ग्रूपवर गावाचा इतिहास म्हणून एक मोठा मजकूर फिरतो. त्यात महाराजांचा मुक्काम, अमुक लढाईत गावातले इतके वीर, असं बरंच आहे. गावकऱ्यांना त्याचा अभिमान आहे. मी पुस्तिका करायला घेतलीय, हे घालू की नको? नाही घातलं तर लोक नाराज होतात.

जुनी_पानं

घाला, पण 'गावात असं सांगतात' या मथळ्याखाली, आणि कुणी सांगितलं तेही लिहून. कागदावरून कळलेलं वेगळ्या प्रकरणात आणि प्रत्येक विधानाला खंड, पान, पत्राचा क्रमांक. नेटवरचं साधन असेल तरी मूळ पुस्तकाचं पान द्या, कारण दुवे मोडतात. हे दोन हिस्से एकदा मिसळले की पुढचा माणूस तुमचीच पुस्तिका पुरावा म्हणून दाखवतो आणि मग ते निस्तरायला दोन पिढ्या जातात. याबाबतीत मी अजिबात सैल सोडत नाही. गावातली नाराजी चार दिवसांची असते.

आणि गावात वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराची शिळा), सतीशिळा, गधेगळ (गाढवाचं चित्र कोरलेली दानाची शिळा) असतील तर त्यांची नोंद आधी करा. वीरगळावर वीराचं नाव बहुधा नसतं, तेव्हा 'हा अमक्या सरदाराचा' असं ठरवून टाकू नका. चित्रचौकटी खालून वर वाचायच्या: खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेतायत, वर शिवपूजा आणि चंद्रसूर्य. त्यांना ऑइलपेंट फासू देऊ नका, शिलालेखावर खडू किंवा पीठ चोळू नका. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात घ्या, अक्षरं आपोआप उठतात. ताम्रपट किंवा सुटी मूर्ती असेल तर नेमकी जागा नेटवर जाहीर करू नका, चोऱ्या होतात.

मांडवीकाठ

गोव्यातून थोडी भर. आमच्याकडे गावकऱ्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या भाषेत कोमुनिदाद. १५२६ चा आफोंसु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याचा 'फोराल' हा त्यांच्या रिवाजांचा मोठा दस्त, त्यात तिसवाडीतल्या गावांचे रिवाज नोंदवले आहेत. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इतिहासकार पिसुर्लेकरांचा संग्रह नेटवर खुला केला आहे. पोर्तुगीज येत नसेल तरी अडू नका, गावांची नावं आणि वर्षं ओळखता येतात, मग तेवढं पान कुणाकडून तरी वाचून घ्यायचं. मराठ्यांशी झालेला पत्रव्यवहार पिसुर्लेकरांनी पुष्कळ छापला आहे, सिंधुदुर्गातल्या लोकांनी तर नक्कीच बघावा.

भीमाकाठ

सगळ्यांचे आभार मानावेत तितके थोडे. काय हाती लागलं ते सांगतो.

१९६१ ची जिल्हा पुस्तिका मिळाली आणि त्यात गाव आहे, क्षेत्रफळ आणि घरांच्या आकड्यांसकट. आईला वाचून दाखवलं. तिने लगेच आळ्यांप्रमाणे घरं मोजायला सुरुवात केली आणि तिची बेरीज पुस्तिकेच्या बरीच जवळ आली. कमी पडली ती घरं नदीच्या उतरणीवरच्या वस्तीतली, तिथे तिचं जाणं-येणं नसायचं. त्या वस्तीतल्या कुणाशी तरी बोलायला हवं हे त्यामुळे कळलं.

कोरोनाची एक स्कॅन झालेली फिल्म मिळाली. नदीचं वळण आणि गावठाण ओळखू येतंय, पण कडेला चित्र ताणलं गेलंय, ओव्हरले नीट बसत नाही. नकाशावाले, यावर काय करता येईल?

मोडी कागदाच्या मधल्या ओळींचे फोटो ताईंना पाठवलेत. आणखी एक प्रश्न: गाव उठवलं तेव्हा कुणाला कुठे जागा मिळाली, याची यादी कुठे असेल?

नकाशावाला

कोरोनाचा कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरत चित्र घ्यायचा, म्हणून पट्टीच्या टोकांना ताण येतो. पूर्ण पट्टी बसवायच्या फंदात पडू नका. गावाभोवतीचा चार-पाच किलोमीटरचा तुकडा कापा आणि क्यूजीआयएस या फुकट प्रणालीत 'जिओरेफरन्सर' वापरून दहा-बारा खुणा द्या. काठावरच्या टेकड्या आणि पाण्याबाहेर राहिलेल्या विहिरी घ्या. एवढ्या लहान तुकड्यात ताण जाणवत नाही. अडलं तर तुकडा इथे टाका, मी बसवून देतो.

सर्व्हे_नंबर

यादीचं सांगतो. तीन कागद शोधायचे. एक, भूसंपादनाची अधिसूचना. ती महाराष्ट्र शासन राजपत्रात छापलेली असते, १८९४ च्या कायद्याच्या कलम ४ आणि ६ खाली, सर्व्हे नंबरांसकट. दोन, निवाडा. त्यात खातेदाराचं नाव, जमीन, घर, विहीर, झाडं आणि प्रत्येकाची ठरलेली भरपाई असते. घरांची मापं आणि भिंती मातीच्या की दगडी हेही बऱ्याचदा लिहिलेलं असतं, म्हणजे तुमच्या आराखड्यातली घरं खरी मापं घेऊन काढता येतील. तीन, संकलन रजिस्टर, ज्यात धरणग्रस्त कुटुंबं आणि त्यांना दिलेल्या जमिनी येतात.

राजपत्रं नेटवर शोधता येतात, पण जुनी सगळी सापडतील असं धरू नका. निवाडा आणि संकलन रजिस्टर जिल्हा पुनर्वसन कार्यालयाकडे किंवा भूसंपादन शाखेकडे. माहिती अधिकाराचा अर्ज ऑनलाइन करता येतो. अर्जात 'गावाची सर्व माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. गावाचं नाव, तालुका, प्रकल्पाचं नाव, सातबाऱ्यावरचा सर्व्हे नंबर आणि 'निवाड्याची साक्षांकित प्रत' असे शब्द घाला. सातबाऱ्यावर संपादनाचा फेरफार पडला असेल तर त्याचा क्रमांकही द्या, त्यावरून त्यांना फाइल काढणं सोपं जातं. सातबाऱ्याचा फोटो इथे टाकलात, नावं झाकून, तर कुठला फेरफार ते मी सांगतो.